सोबत असलो तरच पॉइंट

मित्रांनो, मी रेल्वे प्रवासाच्या पॉइंटांचे एक जुने कार्ड आहे. माझ्यावरचे आकडे पुसत आले आहेत आणि एका कोपऱ्याला हळद लागली आहे, ती काही केल्या निघत नाही.

कारखान्यातून मी हजारो भावंडांसोबत बाहेर पडले. मला अकोला स्टेशनवरच्या एका टेबलावरून सूर्यभानजींनी घेतले. ते अकोटच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर बसतात. टेबलावरच्या बाईंनी त्यांना नियम समजावून सांगितले. माझ्यावरून एसी डब्याचे तिकीट काढले की रकमेच्या मानाने पॉइंट मिळतात. भरपूर साठले की त्यांवर फुकट तिकीट निघते, पण त्या फुकट तिकिटावर नवे पॉइंट मिळत नाहीत. प्रवास कोण करतो, याच्याशी मात्र माझे काही देणेघेणे नाही.

हे शेवटचे सूर्यभानजींनी घरी सांगितलेच नाही. त्यांची एकुलती लेक आचल तेव्हा पुण्याला शिकायला निघाली होती. ते म्हणाले, "कार्डवाला संग असला तरच पॉइंट भेटते. मले जाच लागते."

मग दोन वर्षे आमच्या फेऱ्या चालल्या. आचलला वसतिगृहाच्या फाटकाशी सोडायचे, एक चहा घ्यायचा आणि परतीची गाडी धरायची. येताना ते साध्या डब्यातून येत. तेव्हा त्यांना पॉइंटांची आठवण होत नसे. त्यांच्या पत्नी आशाबाई म्हणत, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!" सूर्यभानजी ऐकून न ऐकल्यासारखे करत आणि मला शर्टाच्या टोकाने पुसून खिशात ठेवत. खोटे त्यांचे होते, पण भाव माझा वाढला होता.

आचलला मात्र लाज वाटू लागली. मैत्रिणी तिला चिडवत. तिला एकदा तरी एकटीने जायचे होते. यंदाच्या उन्हाळ्यात तिने माझ्यासोबत आलेली नियमांची पुस्तिका शोधून वाचली.

"बाबा, तिकीट कोणाचंबी असो, पॉइंट भेटते म्हणून लिवलं हाय. मंग तुमी काहून येता?"

सूर्यभानजींनी मला स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यामागे ठेवून दिले. महिनाभर मी तिथे पडून होते. मला फार वाईट वाटले. हा डाग तिथलाच.

कॉलेज सुरू व्हायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मला बाहेर काढले आणि साठलेले सगळे पॉइंट खर्चून एकच तिकीट घेतले.

"पॉइंटावरचं तिकीट हाय," ते आचलला म्हणाले. "याच्यावर नवे भेटत नाई. मंग मी येऊन काय फायदा?"

या वेळी त्यांनी नियम अगदी बरोबर सांगितला होता. पण अकोल्याच्या फलाटावर त्यांनी मला खिशातल्या खिशात इतके घट्ट धरले होते, की मी वाकले.

गाडी आली. आचल चढली, सामान ठेवले आणि पुन्हा दाराशी आली.

"बाबा, पॉइंट तं सारे संपले! दिवाळीले मले न्याले या. नवे जमवा लागतीन ना!"

मित्रांनो, दिवाळीनंतर माझी मुदत संपते. तोवर एवढेच सांगते. मला नाण्यांसोबत ठेवू नका, ओरखडे पडतात. आणि घरच्या माणसाची एखादी सबब तुमच्या हाती लागली, तर तीही जपून ठेवा. कधीतरी ती त्याची त्याला परत देता येते.