नक्कल घे, मूळ राहू दे

मशीनच्या खोलीतला थंडावा आणि कार्डांचा करकरीत वास अर्जुनाला आजही आठवतो, आणि तो आठवला की सिकंदर आठवतोच. पंचाहत्तर-शहात्तरचे दिवस. सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला, तेव्हा हे दोघे तरुण मास्तर त्याच्यापाशी ठाण मांडून बसायचे. कालव्याचं पाणी कोणत्या गावाला कधी सोडायचं, याचा प्रोग्राम त्यांनी रचला. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. एक कार्ड बदललं की सगळं बदललं.

सगळं बिनचूक चाललं, त्या दिवशी सिकंदरनं नक्कल काढली आणि मूळ गठ्ठा मिरजेला नेऊन घरच्या पेटीत कुलूपबंद केला. त्याचे वडील चांदसाहेब तंबोरे करायचे. जमलेला साचा तेही असाच पेटीत ठेवत आणि नकलेवरून काम करत. साच्यावरच कानस फिरवली, तर गेलेला सूर आणायचा कुठून?

अर्जुनाला ते कुलूप फार झोंबलं.

"चोर समजतोस व्हय रं मला?"

"चोर न्हाई गड्या, पर तुझा हात लय शिवशिवतोय. नक्कल घे, मूळ ऱ्हाऊ दे. नवं दोघांस्नी पटलं, तर त्येबी कुलपात ठेवू."

शहाण्याला शब्दाचा मार. पण अर्जुना तेव्हा शहाणा कुठं होता? त्यानं अबोला धरला. त्या अबोल्यातच सिकंदर मस्कतला नोकरीवर गेला. अर्जुना निरोप द्यायलाही गेला नाही.

पुढं पाटबंधाऱ्याचे साहेब प्रोग्राम बघायला यायचे होते. आदल्या दिवशी अर्जुनाच्या 'सुधारलेल्या' गठ्ठ्यानं कालव्याच्या शेपटाकडची गावं कागदावर पार कोरडी ठेवली. नकलेतली जुनी कार्डं त्यानं केव्हाच फेकली होती. तडक मिरज गाठली.

चांदसाहेबांनी पेटी पुढं सरकवली, किल्ली हातावर ठेवली.

"दोनच किल्ल्या हायत. एक त्यानं नेली, ही तुझी. मलाबी उघडू नका म्हनला हुता."

अर्जुनाला पेटीपुढंच रडू फुटलं.

पेटीतल्या गठ्ठ्यावरून काढलेल्या नव्या नकलेनं साहेबांपुढं लाज राखली. मूळ गठ्ठा त्यानं परत पेटीत ठेवला. मग आपला गठ्ठा सावकाश दुरुस्त केला, पण एकट्यानं तो कुलपात ठेवायला मन धजेना. वर्षभर तो टेबलावरच पडून राहिला.

सिकंदर रजेवर आला तो थेट कॉलेजात. गठ्ठा मशीनला घातला, छापून आलेला कागद शेवटच्या गावापर्यंत वाचला आणि अर्जुनाला मिरजेला घेऊन गेला. पेटी उघडून त्यानं जुन्या गठ्ठ्याशेजारी नवा ठेवला आणि बाजूला सरकला.

"लाव कुलूप. आता ह्योबी साचा झाला."