ब्रेक्के पाद्र्यांचे पाय

ऑर्विलने सळई गवतात रोवली आणि दोन्ही हातांनी तिच्यावर भार टाकला. वीतभर आत जाऊन ती अडली.

"कडक आहे," तो म्हणाला. "इथं कुणी कधी फावडं घातलेलं नाही."

नेब्रास्काच्या त्या टापूत तो चाळीस वर्षं कबरी खणत आला होता. एकदा उकरलेली माती शंभर वर्षांनीही सळईला वाट देते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

डेल ह्रुस्का रस्तेखात्याचा साहेब. लाल फितींच्या काठ्या त्याने सकाळीच ओळीने ठोकल्या होत्या. सोमवारी बुलडोझर येणार होता.

"बाई, ही सातवी जागा. दफनभूमी या हद्दीच्या दगडाशी संपते. पश्चिमेला नुसतं गवत आहे. एक थडगं दाखवा, रस्ता वळवतो, असं मीच म्हटलं होतं ना?"

"गवत तुझ्या डोक्यात आहे," त्याच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका वेर्ना बाई म्हणाल्या. "चौथीत होतास तेव्हाही होतं."

डेल हसला, पण त्याने घड्याळ पाहिलंच.

वेर्ना बाई थकून त्या हद्दीच्या दगडावर बसल्या. वस्ती झाली त्याच वर्षी घटसर्पाने पोरं नेली, त्यांत बाईंच्या आजीची तीन. लाकडी क्रूस वणव्यात गेले, चर्चची वहीही गेली. उरला फक्त आजीचा शब्द: पोरं ब्रेक्के पाद्र्यांच्या नजरेसमोर आहेत. म्हणून बाईंच्या वडिलांनी पाद्र्यांच्या थडग्याच्या पूर्वेला जन्मभर शोधलं. मेलेला माणूस पूर्वेकडेच पाय करून झोपतो. तिकडे सगळी नावानिशी म्हातारी माणसं निघाली, आणि घरच्यांनी आजीला खुळी ठरवलं.

बाईंनी नखाने दगडावरचं शेवाळ खरवडलं. खाली दोन अक्षरं होती. एन. बी.

बाईंनी मान वर केली. सहा फुटांवर, पूर्वेला, नील्स ब्रेक्के यांचा मोठा शिरोभागाचा दगड उभा होता.

"ऑर्विल, पाद्र्याला कसं पुरतात रे?"

"उलटं. पाय पश्चिमेला. मेलेले उठतील त्या दिवशी आपल्या माणसांकडे तोंड हवं ना." बोलता बोलता तो थांबला. "अरे देवा. बाई, उठा. तुम्ही पाद्र्यांच्या पायांवर बसलात."

"हद्दीचा दगड म्हणे!" बाई उठल्या. "शंभर वर्षं सगळे याला हद्द समजत आलो. घाल सळई इथं, अगदी समोर."

सळई गेली. लोण्यात सुरी जावी तशी गेली, थेट मुठीपर्यंत. दीड हात पलीकडे पुन्हा गेली. जागा लहान होत्या, एकमेकींना चिकटून.

बाई रडल्या आणि हसल्याही. "खुळी नव्हती ती!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की कुंपणापलीकडच्या गाईंनीही माना वळवल्या.

डेलने टोपी काढली. मग रस्त्याच्या ओळीतल्या जवळच्या दहा काठ्या उपटून आणल्या आणि पहिली काठी पहिल्या जागेच्या उशाशी रोवली. मग दुसरी. ऑर्विल सळई घालत पुढे जात होता आणि डेल त्याच्या मागून. अकराव्या जागेला त्याचे हात रिकामे झाले.

"बाई, उपटून आणलेल्या काठ्या संपल्या."

वेर्ना बाईंनी ओढ्यापर्यंत गेलेल्या लाल फितींच्या ओळीकडे बोट केलं.

"त्या कुणासाठी ठेवल्यास? उपट."