गिलाव्यावरची इनान्ना

सौदीत दम्मामच्या बाहेर पाइपलाइनचा चर खणताना भिकू गवंड्याला बोटाच्या पेराएवढा काळा दगड सापडला. गुळगुळीत, लाटण्यासारखा गोल, अंगभर कोरीव. कामगारांच्या कॅम्पात सहा जणांच्या खोलीत त्याच्या खाटेमागचा गिलावा उखडला होता. तो नव्याने लावल्यावर त्याने ओल्या सिमेंटवर तो दगड सहज लाटला, आणि भिंतीवर एक बाई उमटली. पाय सिंहाच्या पाठीवर, खांद्यांतून शस्त्रं निघालेली, डोक्याशी आठ टोकांची चांदणी.

"सिंहावरची म्हणजे देवीच," भिकू म्हणाला. रोज कामावर जाण्याआधी तो तिच्यापुढे एक खजूर ठेवून हात जोडू लागला.

खोलीत शिकलेला एकटा श्यामकांत. तो सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचा, कोल्हापुरात इतिहास घेऊन बी. ए. झालेला. त्याने ते चित्र वहीत उतरवून घेतलं.

"ही इनान्ना. पलीकडे इराकात सुमेर होतं, तिथली. चांदणी म्हणजे शुक्र, तोही हिचाच. प्रेम हिचं, लढाईही हिचीच. लोक हिच्या देवळात धान्य, मेंढ्या आणून द्यायचे."

"आणि कोपली तर?"

श्यामकांतने मग तिची गोष्ट सांगितली. ती पाताळात बहिणीकडे गेली. सात दारं. दर दाराशी एकेक वस्तू उतरवून घेतली. मुकुट, मणी, शेवटी वस्त्रही. बहिणीने तिला मारून खुंटीला टांगलं. पुढे ती जिवंत झाली, पण सुटायचं तर बदली माणूस द्यायला हवा. वर येऊन बघते तर नवरा भरजरी कपड्यांत सिंहासनावर बसलेला. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"नवरा दिला?" भिकू म्हणाला. "त्याने रडायला हवं होतं."

"हा दगड मला दे. तुला त्याचं काय कळणार?"

"नाही साहेब. देवी कुणी देतं का?"

ते श्यामकांतला लागलं.

पुढच्या आठवड्यात कॅम्पची तपासणी निघाली. फोरमन रत्नाकर कारवारचा, स्वतःच्या इकाम्यासाठी, म्हणजे इथे राहायच्या परवान्यासाठी, जीव मुठीत धरून राहणारा. भिंत बघून त्याचा चेहरा उतरला. श्यामकांतच्या उशीखालून वही निघाली, त्यातही तीच बाई.

"हे कुणाचं? इथे मूर्तिपूजा? दोघांनाही गावी धाडू का?"

श्यामकांतला जुळवाजुळव करायला वेळच मिळाला नाही. किंवा मिळाला, आणि त्याने तो असा वापरला. "पूजा हा करतो. दगड त्याच्या कनवटीला आहे. मी तक्रार करायलाच चित्र काढलं होतं."

भिकूने त्याच्याकडे पाहिलं. मग खाली.

रत्नाकरने छिन्नी भिकूच्याच हातात दिली. स्वतः लावलेला गिलावा भिकूने स्वतः तोडला. आधी चांदणी, मग तोंड, मग सिंह. दगड पायरीवर ठेवून हातोडीने फोडायला लावला. पहिला घाव निसटून त्याच्या अंगठ्यावर बसला. नख उलटलं. "पुन्हा," रत्नाकर म्हणाला. तिसऱ्या घावाला दगडाचा चुरा झाला.

त्याला गावी धाडायला विमानतळाची गाडी आली. तीत चढताना भिकू श्यामकांतला एवढंच म्हणाला, "साहेब, मी तुमचं नाव घेतलं नसतं."

"यल्ला, चल लवकर," ड्रायव्हर ओरडला.

शुक्रवारी रत्नाकरने भिकूची कूलरजवळची खाट श्यामकांतला दिली. दुपारी त्याला गाढ झोप लागली. उठल्यावर आपल्याला झोप लागली याचंच त्याला वाईट वाटलं, चहा येईपर्यंत.