चाकामागचा सांधा

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. गुडघ्याचा नव्हे, गाडीचा. गोल पाठीच्या, दोन दारांच्या एका छोट्या गाडीत, पुढच्या चाकामागे माझा जन्म गेला. गाडी पाहणारे लोक रंग पाहतात, दिवे पाहतात, फार तर बॉनेट उघडून जाणकाराप्रमाणे मान डोलावतात. माझ्यापर्यंत पोचायचे तर चाक एका अंगाला पूर्ण वळवून त्याच्यामागे हात घालावा लागतो, आणि हात काळे करून घेण्याची हौस फारशी कोणाला नसते.

माझी रचना कळायला आपला खांदा आठवावा. पोलादी वाटी, तिच्यात बसलेला पोलादी गोळा, आत ग्रीस आणि वरून धूळ अडवणारी रबरी टोपी. एवढाच माझा संसार. स्टिअरिंग गाडी वळवते, असे लोक सर्रास म्हणतात. हे विधान मला मान्य नाही. स्टिअरिंग केवळ इच्छा व्यक्त करते. ती इच्छा एका दांड्याकडून दुसऱ्या दांड्याकडे जात शेवटी माझ्यापाशी येते आणि मी ती चाकाला सांगतो. मधल्या एकानेही निरोप अर्धवट पोचवला, तर वर बसलेल्याचे सांगणे आणि खाली चाकाचे ऐकणे यांत अंतर पडते. हे अंतर जीवघेणे ठरू शकते, म्हणून माझ्या कामाला मी कधीच हलके मानले नाही.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या वाटीत आणि गोळ्यात केसालाही जागा नव्हती. गाडी एका परिचारिकेने घेतली. घरोघरी जाऊन ती अंथरुणाला खिळलेली माणसे पाही, बाळंतिणींची विचारपूस करी, जखमा धुऊन पट्ट्या बांधी. घरचे तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणतो. मागच्या सीटवर औषधांची पिशवी आणि पुढे ताठ बसलेली आत्या, अशी आमची फेरी सकाळीच सुरू होई. अरुंद गल्ल्या, दगडी चढ, खडीचे रस्ते सगळे आम्ही पालथे घातले. "गाडी कशी लोण्यासारखी वळते," असे लोक म्हणत. आत्या स्टिअरिंगवर थाप मारी. ते श्रेय वस्तुतः माझे होते. पण तळाशी असणाऱ्याने श्रेयाची वाट पाहू नये, हे मी फार लवकर शिकलो.

पुढे माझी रबरी टोपी तडकली. धूळ आत शिरली, ग्रीस वाळले आणि वाटी झिजू लागली. ढिलाई एका दिवसात येत नाही, हाच तिचा धूर्तपणा. मी कणभर सैल झालो, की आत्याचे हात कणभर अधिक हलत. गाडी डावीकडे झुकण्याआधीच ते तिला उजवीकडे बोलावत आणि लगेच परत आणत. हातांनी हे सारे आत्याला न विचारता शिकून घेतले. तिला विचाराल, तर गाडी सुतासारखी सरळ चालत होती.

मग आत्याचाही सांधा कुरकुरू लागला. गुडघा क्लच दाबू देईना, तेव्हा तिने काम सोडायचे ठरवले. तिच्या भावाची मुलगी नुकतीच परिचारिका झाली होती. आत्याच्याच फेरीवर तिची नेमणूक झाली. मात्र अट अशी, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तिने स्वतः गाडी चालवत हजर व्हावे. आत्या हौसेने तिला शिकवू लागली. पण भाचीने स्टिअरिंग धरले, की गाडी कधी या कडेला, कधी त्या कडेला.

"हात स्थिर ठेव गं. गाडी आहे, झोका नव्हे."

"स्थिरच ठेवलाय, आत्या."

"मग गाडी काय आपणहून फिरायला निघाली?"

खरे तर तसेच होते. मी माझ्या परीने सांगतही होतो. खड्डा आला की "टक्" करीत होतो. पण त्या गाडीत दारे खडखडत, काचा थरथरत. माझी टक्टक त्या गोंगाटात कोण ऐकणार?

आत्याने गाडी गॅरेजच्या मिस्त्रींना दाखवली, नाही असे नाही. त्यांनी ती जॅकवर उचलली, मला ताज्या ग्रीसने भरले आणि अधांतरी लोंबणारे चाक धरून हलवले. अंगावर भार नसला आणि पोटात नवे ग्रीस असले, की माझ्यासारखा झिजलेला सांधाही घटकाभर शहाण्यासारखा वागतो.

"गाडी ठणठणीत आहे, बाई," मिस्त्री म्हणाले. "भाचीबाईंना सवय होऊ द्या."

दुसऱ्याच दिवशी भाचीने रस्त्याकडेची टपालपेटी घासली. कोणाला लागले नाही. पण आत्याने किल्ली काढून घेतली.

"आज पेटी होती, उद्या माणूस असेल. नोकरीला नाही म्हणून कळव. गाडी प्रत्येकालाच येते असं नाही."

भाची रडली नाही. ती फक्त स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. मला त्या घटकेला वाचा असती, तर मी एवढेच म्हटले असते, की मला पकडा.

आता आत्याच गाडी चालवत घराकडे निघाली. गुडघा दुखत होता, तरी रस्ता सरळ आणि मोकळा होता. भाची शेजारी बसून आता आत्याच्या हातांकडे पाहत होती. ती म्हणाली, "आत्या, रस्ता सरळ आहे. मग तुझे हात का हलतायत?"

"कुठे हलतायत?"

"बघ तू."

आत्याने खाली पाहिले. तिचे हात पीठ चाळणाऱ्याच्या हातांसारखे डावीउजवीकडे चालले होते. तिने गाडी अगदी हळू केली आणि ते निग्रहाने थांबवले. गाडी निमूटपणे कडेला झुकू लागली. पुढच्या वळणावरून आत्याने गाडी परत मिस्त्रींकडे नेली.

"बाई, कालच तर पाहिली," मिस्त्री म्हणाले.

"जॅकवर पाहिलीत ना?" भाचीने विचारले. "रस्त्यावर ती जॅकवर चालत नाही."

मिस्त्रींनी कान खाजवला. "भाचीबाई, बोलता सडेतोड, पण खरं बोलता. चाकं जमिनीवर ठेवूनच पाहू या. तुम्ही आत बसा आणि स्टिअरिंग थोडं थोडं इकडेतिकडे हलवा. मी खाली हात लावतो."

"हात मी लावते," आत्या म्हणाली. "मी आयुष्यभर नाडीच पाहिली आहे."

तिच्यासाठी चाकाशेजारी बुटके स्टूल ठेवले गेले. मिस्त्रींनी माझ्यावरचे ग्रीस पुसले. आत्याने चाकामागे हात घातला आणि वाटी नि दांडा जिथे मिळतात, नेमकी तिथे दोन बोटे ठेवली. मित्रांनो, इतकी वर्षे आम्ही एकत्र हिंडलो होतो. तिचा स्पर्श मला पहिल्यांदाच झाला. वर भाचीने स्टिअरिंग हलवले. दांडा सरकला आणि मी मागाहून दचकलो. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच.

आत्याने डोळे मिटले. "ठोका चुकतोय," ती म्हणाली.

मिस्त्रींनीही बोट लावून पाहिले. "वाटी संपली आहे. बाई, मी ग्रीस नव्हे, पांघरूण घातलं."

"आणि मी याला वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं, ते मलाच ठाऊक नाही." आत्याने काळी बोटे पदराला पुसली आणि भाचीकडे पाहिले. "बोलणी मात्र तू खाल्लीस गं."

"मी खाल्ली ती खाल्ली," भाची म्हणाली. "त्या टपालपेटीची माफी कोण मागणार?"

माझ्या जागी नवा सांधा बसला आणि त्याचा नट निसटू नये म्हणून नवी पिनही लागली. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, हा मिस्त्रींचा नियम. म्हणून मी आत्याच्या मुठीत आलो आणि तिने मला काचेखालच्या खणात ठेवले. मी मोडीत निघालो, याचे दुःख झाले. पण रस्ता वरून कसा दिसतो, हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

आत्या हट्टाने स्वतः चालवायला बसली. गाडी निघाली आणि नागमोडी धावू लागली. सांधा आता चोख होता, पण हात जुनीच कसरत करीत होते.

"हात स्थिर ठेव गं, आत्या," भाची शांतपणे म्हणाली. "गाडी आहे, झोका नव्हे."

आत्या इतकी हसली, की गाडी थांबवावी लागली. मग ती उतरली आणि दुखरा गुडघा सावरत दुसऱ्या बाजूला गेली. किल्ली तिने गाडीतच राहू दिली.

आता ती फेरी भाची करते. मी अजून त्याच खणात आहे. वळणावर गडगडतो आणि "टक्" म्हणतो. भाचीला तो आवाज ऐकू येतो. अधूनमधून ती कोणालातरी स्टिअरिंगवर बसवून स्वतः चाकामागे हात घालते.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. जे दिसत नाही, त्याच्यावरूनही कधीतरी बोट फिरवा. आणि एखादा नवखा अडखळला, तर त्याला बोल लावण्याआधी आपण त्याच्या हाती काय दिले आहे, ते तपासा. तपासताना चाके मात्र जमिनीवर असू द्या.