रंभाने लिहिलेली विहीर

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात दौलतराव मास्तरांनी आमच्या गावात एक नवीनच टूम काढली. शाळेला सुट्टी लागली तरी तेरा ते सोळा वर्षांची नऊ पोरं-पोरी त्यांनी महिनाभर धरून ठेवली. रोज सकाळी त्यांना ओढ्यावर, माळावर, नाहीतर रेल्वेच्या रुळाकडे न्यायचं आणि तिथेच बसून लिहायला लावायचं. नेम एकच होता. समोर दिसतं तेवढंच लिहायचं. ऐकीव नको, पुस्तकातलं नको.

आमच्या शेजारच्या मळ्यातला चिमाजी त्यांना वाटेत गाठून म्हणाला, “मास्तर, पोरं दगडाकडं बघत बसल्यात. दगूड काय बोलतोय का त्यांच्यासंगं?”

“बोलतो की. तुम्ही गप्प बसलात तर तुम्हालाही ऐकू येईल.”

“आमी गप बसलो तर बैलं हलायची न्हाईत, मास्तर,” चिमाजी म्हणाला, आणि पोरंही हसली.

माझी रंभा त्या नवांत होती. चौदा वर्षांची, सातवी पास. तिने आमच्या मळ्यातली विहीर निवडली. कौशल्या, तिची आई, म्हणाली, “बरं झालं. हंडा भराया उतरतीयाच, तितंच लिही म्हणावं.” झालंही तसंच. बाकीची पोरं माळावर बसायची आणि ही विहिरीच्या तळाला, मांडीवर वही घेऊन.

त्याच साली पिंपरीच्या बाजूने कारखाने सरकत सरकत आमच्या शिवेला आले होते. एका कंपनीसाठी आमचं शिवार घ्यायचं ठरलं होतं. मात्र ज्या मळ्याच्या विहिरीला बारा महिने पाणी आहे तो वगळायचा, असं जमीन ताब्यात घेणाऱ्या सरकारी साहेबांनी सांगितलं होतं. तलाठी माघात पाहणीला आला तेव्हा आमची विहीर काठोकाठ होती. त्याने ‘बारमाही’ अशी नोंद केली. चैत्रात तिचा चिखल होतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण कोणी तोंड उघडलं नाही. चिमाजीची विहीर त्याच झऱ्यावर होती, आणखी दोघांचीही, म्हणून त्यांनाही तीच नोंद लागली. आम्ही चौघे वाचलो असं धरून चाललो होतो.

मास्तर मला रस्त्यात भेटले की म्हणायचे, “सोनबा, तुमच्या पोरीने विहिरीवर काय लिहिलंय! ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.”

मला अक्षर येत नव्हतं. लिहिलेलं म्हणजे पोथी, आरती, देवाचं गुणगान, एवढंच मला माहीत. ज्याचं गुणगान नाही ते कोण कशाला लिहील? मला वाटलं, पोरीने आमच्या विहिरीची आरतीच लिहिली.

वैशाखात साहेबांनी चावडीत सुनावणी ठेवली. त्यांची जीपगाडी मळ्यापर्यंत जात नव्हती आणि ऊन फार होतं, म्हणून कागदावरच निकाल व्हायचा होता. मास्तर त्या दिवशी आळंदीला गेले होते. मी रंभाला म्हटलं, “तुजी वही दे. सायबाला दावतो.”

“नगं, आबा.”

“का गं?”

“ती तशी न्हाई. सायबाला दावायची न्हाई.”

“लाजतीस व्हय! मास्तर रडलं वाचून, सायबाला बी पाझर फुटंल.”

तिने वही पाठीमागे धरली होती. मी ती ओढून घेतली. ती माझ्यामागून चावडीपर्यंत पळत आली, पण आत पुरुष बसलेले बघून दारातच थांबली.

माझं नाव पुकारलं. मी म्हणालो, “साहेब, विहीर बारमाही हाय. माज्या पोरीनं लिवलंय तिच्यावर, वाचा.”

साहेबांनी चष्मा लावला. पहिलं पान मनातल्या मनात वाचलं, मग मोठ्याने वाचू लागले, कारण त्यांना ते आवडलं होतं. मला त्यातलं अजून पाठ आहे. ‘चैत्रात आमची विहीर दमते. मोट सोडून ठेवतात. मी तळाला बसून वाटीने झऱ्याचे पाणी हंड्यात भरते. एक हंडा भरेपर्यंत सावली तिसऱ्या पायरीवरून चौथ्या पायरीवर येते. बेडूक माझ्याकडे बघत राहतात, कारण पाणी त्यांचेही आहे.’

चावडीत माझ्या मागे बसलेल्या चिमाजीने मान खाली घातली.

“मुलगी फार छान लिहिते, सोनबा,” साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग ते कारकुनाकडे वळले. “बारमाही खोडा. त्या झऱ्यावरच्या चारही विहिरी कोरडवाहूत घ्या.”

मी अंगठा उठवला. बाहेर आलो तर दारात रंभा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे एकही पोर गेलं नाही. चिमाजीची बायको अंबूबाई आमच्या दारात येऊन ओरडली, “एका पोरीच्या वहीनं चार घरं बुडाली. शिकवा आणिक!” कौशल्येने दार लोटून घेतलं.

मास्तर संध्याकाळी आले. चेहरा उतरलेला. रंभासमोर त्यांनी कोरा कागद ठेवला. “बाळ, एक अर्ज लिही. ते सगळं तू मनानं रचलं होतंस, विहीर आटत नाही, एवढंच. मी तो साहेबांकडे नेतो.”

“मास्तर, तुमीच म्हणला व्हता, दिसतं तेच लिवायचं.”

मास्तरांनी कागद तिच्याकडे आणखी सरकवला. “म्हणालो होतो,” ते म्हणाले. “आता हे लिही.”

तिने लिहिलं. एकही खाडाखोड नाही. शेवटी सही केली आणि लेखणी मास्तरांच्या हातात परत दिली. वही साहेबांच्या कागदांत अडकून गेली होती. ती आम्हाला परत मिळाली नाही. अर्ज मात्र आठवड्याने परत आला. मुलगी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे, तिचं लिहिणं आधार मानता येत नाही, असा शेरा मास्तरांनी वाचून दाखवला आणि स्वतःच ओशाळले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

दिवाळीनंतर तारेचं कुंपण आलं. विहीर मुरमाने बुजवायला तीन दिवस लागले. त्या कंपनीत मी हमाल म्हणून लागलो आणि दापोडीला खोली घेतली. रंभाला मारुंजीला दिली. लग्नाआधी किंवा नंतर मी तिच्या हातात कागद बघितला नाही. दुकानदाराने हिशेबाची चिठ्ठी पुढे केली तरी ती म्हणायची, “मला वाचता येत न्हाई.”

बावन्नाव्या वर्षी मी कंपनीतल्या प्रौढांच्या वर्गात बसलो आणि अक्षर शिकलो. पहिलं कार्ड तिलाच लिहिलं. मोठाली अक्षरं, दोनच ओळी: ‘वही मी ओढून घ्यायला नको होती. तू कशी आहेस ते लिही.’

महिना गेला. मग मारुंजीहून दापोडीला दूध घालणारा ज्योतीराम दारात थांबला. म्हणाला, “रंभाताईंनी निरोप दिलाय. आबाला सांगा म्हणाल्या, मी बरी हाय, घरी समदं ठीक हाय, काळजी करू नका.”

“आणि कार्ड?”

“कार्डाचं काय बोलल्या न्हाईत,” तो म्हणाला आणि दूध मोजायला लागला.