ढब्बूनं जमवलेलं लग्न

मी ढब्बू बोलतोय. हसू नका, नावच आहे माझं. मी एक फॉन्ट, संगणकावरच्या अक्षरांचं एक वळण. माझा 'ठ' पोट सुटलेला, 'ळ' जेवून सुस्तावलेला, आणि वेलांट्या म्हणजे नुसत्या झिपऱ्या!

मला हातानं काढलं मैत्रेयीनं, राजाजीनगरच्या घरात. पण मी पडद्यावर नीट उमटावा म्हणून लागणारी सगळी किचकट खटपट केली अद्वैतनं. हा पुण्याचा, तिच्याच कानडी शहरात बेळ्ळंदूरला नोकरीला. खटपट करता करता गडी मैत्रेयीच्या प्रेमात पडला, तीही पडली. बोलायची छाती मात्र दोघांनाही नाही! मला सगळं दिसत होतं, पण मला विचारतो कोण?

माझं बरं चाललं होतं. इंदिरानगरला आइस्क्रीमच्या दुकानावर होतो, एका बालवाडीच्या भिंतीवर होतो. तेवढ्यात मैत्रेयीच्या आईनं, राजलक्ष्मीबाईंनी, लग्नाचा बायोडाटा काढायला सांगितला. पोरीनं काय करावं? स्थळं पळावीत म्हणून अख्खा बायोडाटा माझ्यातच टाईप केला! गोत्र, रास, रक्तगट, सगळं खिदळायला लागलं.

"अगं, ही अक्षरं आहेत की जत्रेतली सोंगं?"

"हल्ली असंच असतं, आई. स्वल्प नवीन नको का?"

"सरी, बरं बाई, तुझं तू जाण," म्हणत त्यांनी तो चार ठिकाणी पाठवला. "मुलगी सिरियस आहे ना?" असं एकांनी विचारलं, बाकीच्यांनी तेही नाही. मैत्रेयी खूश, मी तिच्याहून खूश.

आणि माशी शिंकली. ओळखीओळखीतून तो बायोडाटा पोचला थेट अद्वैतच्या आईकडे! स्मिताताई तेव्हा लेकाकडेच राहायला आल्या होत्या.

"शी! लग्न म्हणजे काय पोरखेळ आहे? मी आत्ताच नकार कळवते." त्यांनी फोन उचलला.

अद्वैतच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. आईपुढं कधी ब्र न काढणारा पोरगा! गंमत मी केली, आणि आता मैत्रेयीचं जमायच्या आधीच मोडणार! बोल रे बाबा, बोल!

"आई, नको कळवूस. ही अक्षरं तिनं काढलीत. आणि... त्यातलं निम्मं काम माझं आहे."

"तुझं?"

"वर्षभर करत होतो. मला आवडते ती."

"आणि मला सांगायचास, ऑफिसचं काम आहे म्हणून!" स्मिताताईंनी मला पुन्हा खालीवर न्याहाळलं. हसू दाबलं, ते काही दबेना. "बस इथं. तुझाही बायोडाटा काढ, ह्याच अक्षरांत. कळू दे तिच्या आईलाही, जावई केवढा शहाणा आहे ते!"

मंडळी, मला गंभीर कामाला कुणी बोलावत नाही. बोलावत जा हो, मी निभावतो. आत्ताच बघा. अद्वैतचं शिक्षण, पगार, सगळं टाईप झालंय. शेवटी 'अपेक्षा'पुढं त्यानं एवढंच लिहिलंय : 'ही अक्षरं जिनं काढली, तीच.'

स्मिताताई चष्मा लावून वाचतायत. "ही ओळ मोठी कर," म्हणतायत.

रजा द्या, मला फुगायचंय.