पैलतीरावरचं वस्त्र

मार्गशीर्षातली सकाळ. जोतिबाच्या डोंगरावर शुभ्र धुकं, आणि त्या धुक्याच्या पोटात गुलाल. पायऱ्या गुलाबी, दीपमाळा गुलाबी, शिखरावरच्या कबुतरांचे पंखही गुलाबी. उशिरानं वर आलेला सूर्यसुद्धा कपाळ माखून आलेला. त्या रंगमग्न पायऱ्या उतरत होती हळदओल्या अंगाची, हिरव्या चुड्याची, नवथर नजरेची कुमुदिनी. तिच्या शालूचा पदर नवऱ्याच्या, संपतच्या, उपरण्याला गाठीनं बांधलेला होता.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. नव्या जोडप्यानं देव करायचे, म्हणून डोंगराकडच्या गावाहून भाड्याची जीप निघाली होती. पुढं सासू, मागं नणंद वनिता, आणि गाठीत बांधलेले हे दोघे. पण कोल्हापूरला येऊन नुसते देव करून कोण परततं? जोतिबा झाला की पन्हाळा, मग अंबाबाई, मग रंकाळा, आणि सर्वांत शेवटी कृष्णाकाठची नरसोबाची वाडी. त्या शेवटच्या नावावर कुमुदिनीचा जीव टांगला होता.

वाडीच्या घाटासमोर, कृष्णेच्या पैलतीरावर, तिचं माहेर होतं. नदीकाठच्या मळीत वांगी पिकवणारे तिचे वडील, आबा, तिच्या लग्नातही खाटेवरून उठू शकले नव्हते. खाटेवरूनच त्यांनी अक्षता टाकल्या, त्या तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. पाठवणीच्या वेळी आईनं तिला पोटाशी धरलं आणि कानात सांगितलं,

"वाडीला येशील त्या दिवशी पलीकडं बघ. आबांचा तांबडा पटका वाळत दिसला, तर समज बरं हाय. बिनघोर जा. पांढरं धोतर दिसलं, तर तुझं नाव घ्यायला लागल्यात. मग ये बाई, कशीबी ये."

आज येणार असा निरोप नावाड्याकरवी पलीकडं पोचला होता. तांबडं की पांढरं, एवढंच तिला बघायचं होतं. त्यासाठी तिला वाडीच्या घाटावर फक्त थोडा उजेड हवा होता.

पन्हाळ्यावर पांढरं होतं. तटावरून ढग आत येत होते, बुरुज पुसत होते, झाडं पुसत होते, खालची खोल दरी पुसत होते. वनितेला फोटो हवे होते. दरवाजाच्या कमानीखाली एक, तोफेपाशी एक, दादा-वैनीचा एक. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. कुमुदिनी हसली. तेवढ्यात ढग आला आणि तिचं हसूही पांढरं झालं. मग झुणका-भाकर झाली, मग दही झालं, मग सासूबाईंच्या गुडघ्यांना विसावा झाला.

अंबाबाईच्या देवळात तांबडं होतं. कुंकवाच्या राशी तांबड्या, खणांच्या चळती तांबड्या, काळ्याभोर दगडी खांबांच्या अंगालाही कुंकवाची बोटं पुसलेली. त्या जुन्या, थंड, सुगंधी अंधारात तिनं ओटी भरली आणि हात जोडले. सौभाग्य माग, पोरं माग, असं सासूबाई मागून पुटपुटत होत्या. तिनं मागितलं एकच. आई, तांबडं दिसू दे.

बाहेर आली तेव्हा उन्हाचा रंग पालटला होता. मार्गशीर्षातला दिवस मुळातच आखूड, त्यात वनितेला चपला घ्यायच्या होत्या. करकर वाजणाऱ्या, गोंड्याच्या, पायात घालून चार पावलं चालून बघायच्या. कुमुदिनीनं शेवटी धीर केला.

"वन्सं, वाडीला उजेडाचं पोचू ना?"

"वैनी, वाडी काय पळून चाललीया? रंकाळ्याची भेळ खाल्ल्याशिवाय कोल्हापूर बघितलं म्हणायचं व्हय?"

वनितेच्या बोलण्यात कपट नव्हतं. पोर पहिल्यांदाच शहर बघत होती. आणि नव्या नवरीनं घाई करायची नसते, पाय आपटायचे नसतात, घड्याळाकडं बघायचं नसतं. रंकाळ्याच्या काठावर भेळ झाली, उसाचा रस झाला. पाण्यावर सोनं पसरलं, सोन्याचं केशर व्हायला लागलं. सगळे म्हणाले, काय सुंदर. कुमुदिनीला तो सूर्य दोन्ही हातांनी धरून ठेवावासा वाटत होता. तिचा एक हात गाठीवर होता आणि दुसऱ्यात भेळेचा कागद होता.

वाडीच्या वाटेवर उसाच्या गाड्या लागल्या. कारखान्याकडं निघालेल्या, शिगोशीग भरलेल्या, बैलांच्या संथ पावलांच्या गाड्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, बैल मान हलवी, गाडी तसूभर सरके. खिडकीतून ती बघत राहिली. शिवार हिरवं होतं, मग निळं झालं, मग करडं झालं. आतल्या आत ती रडकुंडीला आली होती.

घाटावर पोचले तेव्हा आरतीची घंटा वाजत होती. घाटाच्या पायऱ्या ती जवळजवळ धावत उतरली, आणि गाठीला बांधलेला संपत तिच्यामागं ओढला गेला. कृष्णामाई शांत होती. पलीकडं काठ होता, काठावर चिंच होती, चिंचेखाली दोरी होती, आणि दोरीवर एक वस्त्र हलत होतं.

फक्त हलत होतं. त्याला रंग नव्हता.

संध्याकाळ कुणाचाच रंग ठेवत नाही. चिंच काळी, पाणी काळं, वस्त्रही त्याच काळोखाचा तुकडा. मायलेकींनी तांबडं ठरवलं होतं, पांढरं ठरवलं होतं. अंधाराचं काही ठरवायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. कुमुदिनी डोळे फाडून बघत राहिली. क्षणभर तिला तांबडं भासे, क्षणभर पांढरं.

"काय बघतीस?" संपतनं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं, एका दमात, लाज सोडून. तोही मग तिच्या शेजारी उभा राहून डोळे ताणू लागला.

पलीकडं एक ठिणगी उजळली. कंदील. ओळखीची, किंचित वाकलेली आकृती कंदील घेऊन दोरीकडं गेली. या अंधारात रंग दिसत नसणार, हे आईला कळलं होतं. तिनं कंदील वर उचलला, वस्त्राच्या मागं धरला, आणि त्या एवढ्याशा उजेडात ते वस्त्र आरपार फुललं.

पांढरं.

लख्ख, निखळ, निःशंक पांढरं.

कुमुदिनी पाण्याकडं आणखी एक पायरी उतरली. खाली नाव लागलेली होती, नावाडी शेवटची खेप भरत होता. संपतनं मागं वळून आपल्या आईकडं पाहिलं.

"आई, हिचे वडील लई अत्यवस्थ हायत. पलीकडं जाऊन येऊ?"

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. 

"लग्नानंतर घरात देवीचा गोंधळ घातल्याबिगर नव्या सुनंच्या पायाला माहेरची माती लागायची न्हाई, संपत. देवीचं हाय ते. माझ्या हातात काय हाय?" मग उठून त्यांनी कुमुदिनीच्या डोक्यावरचा घसरलेला पदर सारखा केला.  "मलाबी सोडलं नव्हतं बाळा. माझी आई गेली तवा."

संपतची बोटं गाठीवर गेली, तिथंच थांबली, आणि खाली आली. गाठ तशीच राहिली.

नाव सुटली. वल्ह्याचा आवाज दूर दूर गेला. पलीकडं कंदील हलत होता. ये, ये, म्हणत होता. कुमुदिनीनं पानाचा द्रोण घेतला, त्यात वात लावली, आणि गाठीतल्या संपतसकट गुडघाभर पाण्यात उतरून तो द्रोण दोन्ही हातांनी पलीकडं ढकलला. हातभर अंतर तो दिवा सरळ गेला, कंदिलाच्या दिशेनं, माहेराच्या दिशेनं, आबांच्या दिशेनं. मग कृष्णेनं त्याला हळूच वळवलं. पैलतीरी कंदील उभा, ऐलतीरी कुमुदिनी उभी. आणि दोघींच्या मधून, दोघींच्या देखत, तो दिवा नदी जिकडं जाते तिकडं निघून गेला.